एवढ्याशा गोष्टीलाही हेझिंग म्हणायचं का?

पत्राचा सारांश: टेक्सासमध्ये बरीच वर्षं स्थायिक असलेल्या एका आईचं हे पत्र. मुलगी तिथल्याच एका विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे आणि दक्षिण आशियाई मुलींच्या एका सोरॉरिटीची, म्हणजे विद्यार्थिनींच्या भगिनीमंडळाची, सभासद आहे. यंदा तिच्याकडे 'न्यू मेंबर एज्युकेटर'चं पद आलं, म्हणजे सोरॉरिटीत येणाऱ्या नव्या मुलींचे सात आठवडे तिच्या हाती. राष्ट्रीय कार्यालयाच्या सक्तीच्या ऑनलाइन प्रशिक्षणातली यादी बघून ती वैतागली आहे. संस्थापिकांची नावं पाठ करून एका सुरात म्हणणं, स्कॅव्हेंजर हंट (यादीतल्या वस्तू शोधून आणण्याची शर्यत), सीनियर मुलींना कॉफी आणून देणं, रात्रीच्या तालमी, ठरावीक रंगाचे कपडे, लाइनबाहेरच्या (एकत्र येणाऱ्या नव्या मुलींच्या गटाबाहेरच्या) मैत्रिणींशी न बोलण्याचा नियम, शेवटची 'बिग-लिटल' रात्र. दोन वर्षांपूर्वी तिने स्वतः जे जे केलं, ते जवळजवळ सगळं आता हेझिंगमध्ये, म्हणजे नव्यांना सामील करून घेताना होणाऱ्या छळात, धरलंय. "मग करायचं काय, नुसते पीपीटी दाखवायचे?" असं ती विचारते. तिचे बाबा ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर राहिलेले. थोडंफार रॅगिंग झालं म्हणूनच जन्माचे मित्र मिळाले, अमेरिकेत हल्ली प्रत्येक गोष्टीचा बाऊ करतात, असं त्यांचं म्हणणं. आईचे प्रश्न तीन: व्याख्या खरंच अति ताणली गेली आहे का? मुलीला पद सोडायला सांगू का? विद्यापीठाला मी कळवायला हवं का?

ताई,

तुमच्या घरातल्या वादात एक गोष्ट सुटते आहे. हेझिंगची व्याख्या एकच नाही. तुमच्या लेकीला एकाच वेळी निदान तीन व्याख्या लागू आहेत, आणि त्या वेगवेगळ्या मापाच्या आहेत, कारण त्यांची कामं वेगळी आहेत.

सगळ्यात अरुंद व्याख्या फौजदारी कायद्याची. टेक्सासमध्ये ती शिक्षण संहितेच्या ३७व्या प्रकरणात आहे. मारहाण, झोपू न देणं, थंडीवाऱ्यात उभं करणं, छोट्या जागेत कोंडणं, जोर-बैठका काढायला लावणं, अपाय होईल असं काही खायला-प्यायला घालणं, नशा चढेल इतकी दारू प्यायला भाग पाडणं, गुन्हा करायला लावणं, या गोष्टी तिच्यात येतात. २०१९पर्यंत याच व्याख्येत अपमान, पराकोटीचा मानसिक ताण आणि वाळीत टाकण्याची धमकी यांचाही उल्लेख होता. त्या वर्षीच्या दुरुस्तीत तो भाग काढला आणि दारूचं कलम जास्त स्पष्ट केलं. ज्या व्याख्येवरून एखादी वीस वर्षांची मुलगी तुरुंगात जाऊ शकते, ती धूसर असून चालणार नाही, हे पटण्यासारखं आहे.

दुसरी व्याख्या संपूर्ण देशाची. २३ डिसेंबर २०२४ रोजी 'स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट'वर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. हा कायदा कुणाला तुरुंगात टाकत नाही. तो विद्यापीठांना हेझिंगच्या घटनांची नोंद ठेवायला लावतो आणि ज्या संघटनेवर ठपका सिद्ध झाला तिचं नाव जाहीर करायला लावतो. म्हणून त्याची व्याख्या मोठी आहे: संघटनेत येताना किंवा सभासदत्व टिकवताना, शरीराला किंवा मनाला इजा होण्याचा वाजवीपेक्षा जास्त धोका निर्माण करणारी कोणतीही जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने केलेली कृती, मग समोरची व्यक्ती राजी असो वा नसो. त्यात फ्रॅटर्निटी (मुलग्यांच्या अशाच संघटना) आणि सोरॉरिटी आल्याच, शिवाय खेळाचे संघ, बँड, क्लब, विद्यार्थी मंडळ, अगदी विद्यापीठाची मान्यता नसलेले गटही आले. आपली मुलं ज्या भांगडा आणि रास-गरब्याच्या टीममध्ये नाचतात, त्यांच्या पालकांनीही हे लक्षात घ्यावं.

तिसरी व्याख्या राष्ट्रीय कार्यालयाची, जिने तुमची लेक चिडली. अनेक फ्रॅटर्निटींच्या जोखीम-धोरणांत वर्षानुवर्षं जवळजवळ एकच मजकूर वापरला गेलाय: शारीरिक किंवा मानसिक अस्वस्थता, संकोच, छळ किंवा टवाळी होईल अशी मुद्दाम केलेली कोणतीही कृती. त्याखालच्या यादीत फटके मारण्याबरोबरच ट्रेझर हंट, स्कॅव्हेंजर हंट, रोड ट्रिप आणि चारचौघांत विचित्र दिसतील असे कपडे हेही येतं. या व्याख्येचं काम शिक्षा देण्याचं कमी आणि प्रकरण तिथवर जाण्याआधी थांबवण्याचं जास्त.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं: व्याख्या रुंदच हवी. शिक्षा मात्र पायरीपायरीने हवी. गोंधळ होतो तो रुंद व्याख्येला एकच मोठी शिक्षा जोडल्यामुळे. संस्थापिकांची नावं घोकून घेणं आणि कुणाला बेशुद्ध होईपर्यंत पाजणं या दोन्हींसाठी चॅप्टर, म्हणजे विद्यापीठातली शाखाच, बंद, असं असेल तर मुली पहिली गोष्टही लपवतात, आणि लपवायची सवय लागली की दुसरीही आपोआप लपते. तुमच्या लेकीचा वैताग इथे खरा आहे आणि तो तिने राष्ट्रीय कार्यालयाला लेखी कळवावा. कसा, ते पुढे सांगते.

आधी तिच्या बाबांबद्दल. अमेरिकेत बाऊ करतात, हे म्हणणं टिकत नाही, कारण खुद्द महाराष्ट्राचा १९९९चा रॅगिंग प्रतिबंध कायदा वरच्या फौजदारी व्याख्येपेक्षा कितीतरी रुंद आहे. विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, भीती, लाज किंवा संकोच वाटेल असं कोणतंही वर्तन त्यात येतं. चिडवणं आणि थट्टामस्करीही येते, आणि जे काम तो विद्यार्थी एरवी आपणहून करणार नाही ते करायला सांगणंही येतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनी त्यापुढे जाऊन सीनियरची जर्नल-असाइनमेंट ज्युनियरकडून लिहून घेणं आणि त्याला खर्चात पाडणं यांनाही रॅगिंग म्हटलंय. बाबा शिकले तेव्हा यातलं काही नव्हतं, एवढंच.

रॅगिंगमुळे जिवाभावाचे मित्र मिळाले, या भावनेला मात्र मी खोटं म्हणणार नाही. ती कुठून येते, ते पाहण्यासारखं आहे. १९५९ साली एलियट ॲरन्सन आणि जडसन मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थिनींना एका चर्चागटात प्रवेश देण्याआधी लाजिरवाण्या परीक्षेतून जायला लावलं, काहींना सौम्य परीक्षेतून, आणि काहींना थेट प्रवेश दिला. मग सगळ्यांना तीच रटाळ चर्चा ऐकवली. जिला जास्त लाज सोसावी लागली होती, तिला ती चर्चा जास्त छान वाटली. मोल चुकवल्यावर वस्तू मोलाची होती असं मन स्वतःला पटवतं. होस्टेलवर मैत्री जुळली ती एकत्र मेसचं जेवण, सबमिशनच्या रात्री आणि घरापासून दूर काढलेली चार वर्षं यांतून. आणि बाबा आज ज्या मित्रांना भेटतात ते टिकलेले मित्र आहेत. जे पहिल्या सहामाहीत घरी परतले, ते त्यांच्या गप्पांत असणारच नाहीत.

तुमच्या लेकीलाही हेच लागू आहे. "आम्हीही केलं, मजा आली" हा पुरावा म्हणून फार कच्चा आहे. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या विद्यापीठातल्या एलिझाबेथ ॲलन आणि मेरी मॅडन यांनी २००८ साली ५३ शिक्षणसंस्थांतल्या ११,४८२ विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. क्लब, संघ, संघटनांत असलेल्यांपैकी ५५ टक्क्यांनी हेझिंगमध्ये मोडणारं काही ना काही अनुभवलं होतं. पण असं अनुभवलेल्या दहांपैकी नऊ जणांनी आपलं हेझिंग झालं असं मानलंच नव्हतं. व्याख्या फक्त सोसणाऱ्याच्या मतावर सोडली, तर तिच्यातून जवळजवळ सगळंच निसटतं.

आता तिच्या यादीकडे येऊ. प्रत्येक गोष्टीला मी चार प्रश्न लावते. हे फक्त नव्यांनाच करावं लागतं का? यातून नेमकं काय शिकायचंय? हे किती वाजता संपतं? आणि एखादी नाही म्हणाली तर तिला काय किंमत मोजावी लागते?

पाठांतरापासून सुरू करते, कारण ते वरवर सगळ्यात निरुपद्रवी आहे. डोळ्यांसमोर आणा: सात मुली खांद्याला खांदा लावून उभ्या, नजर समोर. संस्थापिकांची नावं, स्थापनेची तारीख, चॅप्टरचा क्रम, ग्रीक मुळाक्षरं, सगळं एका सुरात. पाचव्या मुलीची जीभ अडखळते. इथून पुढे दोन वाटा फुटतात. एज्युकेटर म्हणाली, "थांबू या, कागद बघून परत म्हणू," तर ते शिकणं झालं. बाकीच्या सहा जणींना "तुमची बहीण चुकली, घाला वीस स्क्वॉट" असं सांगितलं आणि चुकलेलीला ते बघत उभं केलं, तर ते हेझिंग झालं. पाठांतर तेच, मुली त्याच. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत सप्टेंबर २०१७मध्ये मॅक्स ग्रुव्हर हा अठरा वर्षांचा मुलगा दगावला, त्या रात्रीही असेच प्रश्न चालले होते: फ्रॅटर्निटीचा इतिहास, ग्रीक मुळाक्षरं. चुकलं की जहाल दारूचा घोट. त्याच्या रक्तात मद्याचं प्रमाण ०.४९५ टक्के निघालं, गाडी चालवण्याच्या मर्यादेच्या सहापटीहून जास्त. लुइझियानाचा हेझिंगविरोधी कायदा आज त्याच्या नावाने आहे.

म्हणून पाठांतर ठेवा, पण त्याला किंमत जोडू नका. जुन्या सभासदांनीही नव्यांबरोबर म्हणावं. त्यांतल्या निम्म्या विसरलेल्या असतील, तेही बरंच. कागद हातात असू द्यावा. दिवे चालू, दार उघडं, आणि रांग लावून कुणी अंगावर ओरडायचं नाही. मुलगी म्हणेल, शिक्षा नसेल तर पाठ कोण करणार? ज्यांना यायचंय त्या करतील, आणि एखादीला एक नाव आलं नाही म्हणून सोरॉरिटी बुडत नाही.

कॉफीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. फक्त नव्यांनी आणायची, स्वतःच्या पैशाने आणायची आणि हाक आली की आणायची, तर ती वेठबिगारी आहे. पण त्याच प्रकारातली एक गोष्ट यादीत दिसली नाही, ती विचारून घ्या: पार्टीनंतर रात्री दोन वाजता सीनियरना घरी सोडायला नव्या मुलींना गाडी घेऊन बोलावतात का? आधीच झोप कमी, त्यात डॅलससारख्या शहरातले फ्रीवे. ही ड्यूटी असेलच तर ती सगळ्यांची पाळीपाळीने असावी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठचा तास असणारीला ती नसावी.

स्कॅव्हेंजर हंटवर लेकीचा सगळ्यात जास्त राग असेल, कारण बंदी का, हे यादीत लिहिलेलं नसतं. कारणं तीन आहेत. वस्तूंच्या यादीत हळूहळू चोरीच्या वस्तू शिरतात: दुसऱ्या चॅप्टरचा फलक, रस्त्यावरची पाटी. वेळेची शर्यत असल्यामुळे गाड्या सुसाट निघतात. आणि त्याचाच एक उपप्रकार म्हणजे एखादीला डोळे बांधून, फोन काढून घेऊन गावाबाहेर सोडायचं आणि "परत ये" म्हणायचं. दिवसाउजेडी, कॅम्पसमध्येच, पायी, फोन हातात, प्रत्येक गटात दोन जुन्या आणि दोन नव्या मुली, असा खेळ मला स्वतःला धोकादायक वाटत नाही. तरीही धोरणात त्याचं नाव घेऊन बंदी असेल तर तिने तो आपल्या हिमतीवर घेऊ नये. वस्तूंची यादी, जागा, वेळ आणि गटांची रचना लिहून विद्यापीठाच्या ग्रीक लाइफ (फ्रॅटर्निटी-सोरॉरिटींवर देखरेख करणाऱ्या) कार्यालयाकडे आणि राष्ट्रीय कार्यालयाकडे लेखी परवानगी मागावी. नाही म्हणाले तर त्याऐवजी कॅम्पसची फेरी काढावी.

तालमींचं गणित करून बघा. आठवड्यातून चार रात्री, दहा ते दोन, म्हणजे सोळा तास. सात आठवड्यांत ११२ तास. एरवी या मुली पंधरा क्रेडिट घेतात, काही जणी नोकरीही करतात. हे तास झोपेतूनच कापले जातात, आणि झोप तोडणं टेक्सासच्या फौजदारी व्याख्येत नाव घेऊन आहे. इनिशिएशन, म्हणजे सभासद करून घेण्याच्या विधीनंतरच्या सादरीकरणासाठी पावलं बसवायची असतील तर आठवड्यातून दोन संध्याकाळी, प्रत्येकी दीड तास, रात्री दहाच्या आत, आणि मिडटर्मच्या आठवड्यात सुट्टी, एवढं पुरतं. पावलं चुकली म्हणून जोर-बैठका तर मुळीच नाहीत. सवय नसलेल्या मुलीकडून शंभर-दोनशे स्क्वॉट काढून घेतले की स्नायूंच्या पेशी फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी गडद, कोलासारखी झाली तर ती दवाखान्यात जाण्याची वेळ आहे. नुसती अंगदुखी म्हणून सोडून देऊ नये.

कपड्यांचं सोपं आहे. हवी तिने पिन लावावी, इंटर्नशिपच्या मुलाखतीच्या दिवशी कुणी अडवू नये.

लाइनबाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही हा नियम मात्र, माझ्या मते, तुमच्या लेकीच्या यादीतली सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे. आणि बहुधा तिला ती सगळ्यात किरकोळ वाटत असेल. कुणाला मार बसत नाही, थेंबभर दारू नाही. पण रूममेट, जुनी मैत्रीण, आई, म्हणजे जिच्या लक्षात येईल की ही पोरगी चार दिवस नीट जेवलेली नाही, अशा प्रत्येक व्यक्तीला हा नियम दूर करतो. त्यानंतर जे काही वाईट घडतं ते कुणाला दिसत नाही. २०१३च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजमधल्या एका आशियाई-अमेरिकन फ्रॅटर्निटीने नव्या मुलांना पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोजच्या डोंगरात एका भाड्याच्या घरी नेलं. गोठलेल्या अंगणात, डोळ्यांवर पट्टी आणि पाठीवर वजनाची पिशवी अशा अवस्थेत एकाला वारंवार आडवं पाडलं. तो बेशुद्ध झाल्यावरही दवाखान्यात न्यायला उशीर केला. तो मुलगा वाचला नाही. २०१८मध्ये न्यायालयाने त्या राष्ट्रीय संघटनेला दहा वर्षं पेनसिल्व्हेनियात बंदी घातली. आपल्या आशियाई संघटना संस्कृती जपणाऱ्या आहेत, तिथे असलं काही होत नाही, असं समजणाऱ्या पालकांसाठी हे लिहिते आहे. हा नियम बदलण्यासारखा नाही, तो काढूनच टाकायचा.

आता बिग-लिटल रात्र. प्रत्येक नव्या मुलीला तिची 'बिग', म्हणजे सोरॉरिटीतली थोरली बहीण कोण, ते कळतं. भेटवस्तू, गळाभेट, फोटो. हे सगळं राहू द्या. काढून टाकायची ती बाटली. मार्च २०२१मध्ये ओहायोतल्या बोलिंग ग्रीन स्टेट युनिव्हर्सिटीत स्टोन फोल्ट्झ या वीस वर्षांच्या मुलाला त्याच्या 'बिग'कडून दारूची बाटली मिळाली होती. प्रथा अशी की 'लिटल'ने ती संपवायची. त्याचा त्यातच अंत झाला. हिशेब असा: ७५० मिलिलिटरच्या, ४० टक्के मद्य असलेल्या बाटलीत अमेरिकी मापाने सुमारे सतरा ड्रिंक असतात. लहान चणीच्या मुलीला तासाभरात त्यातली अर्धी बाटलीही जिवावर बेतू शकते. नव्या मुली बहुतेक एकवीसच्या आतल्या, त्यामुळे कायद्याचा प्रश्न वेगळाच. ती संध्याकाळ चार वाजता, कॅम्पसवरच्या खोलीत, जेवणाबरोबर ठेवावी. आणि नंतर कुणाच्या अपार्टमेंटवर दुसरा भाग होणार नाही, हे तिने प्रत्येक 'बिग'शी स्वतंत्र बोलून पक्कं करावं. घात होतो तो बहुधा त्या दुसऱ्या भागातच.

"पण कुणी जबरदस्ती करत नाही, नको म्हणायची मुभा आहे," असं ती म्हणेल. तिला विचारा, गेल्या तीन वर्षांत किती जणींनी नको म्हटलं, आणि त्यांचं पुढे काय झालं? एकीनेही म्हटलं नसेल तर ती मुभा फक्त कागदावर आहे. नवी मुलगी एकटी असते, समोर वीस जणी, आणि ज्या गटात तिला यायचंय त्याच्या चाव्या त्यांच्या हाती. म्हणून टेक्सासच्या कायद्यात संमती हा बचाव होऊ शकत नाही, आणि देशाच्या नव्या कायद्यातही राजीखुशीचा प्रश्न बाजूला ठेवलाय.

नुसती यादी का पुरत नाही, हेही यातूनच कळतं. २००५च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या चिको इथे मॅथ्यू कॅरिंग्टन हा एकवीस वर्षांचा मुलगा एका फ्रॅटर्निटीच्या तळघरात दगावला, तो दारूने नव्हे, पाण्याने. जोर काढत, थंड वाऱ्याच्या पंख्यांसमोर, पाण्याचे घडेच्या घडे प्यायला लावले. रक्तातलं सोडियम उतरलं आणि मेंदूला सूज आली. बंदीच्या यादीत पाण्याचं नाव सहसा नसतं. नवी यादी आली की नवी पळवाट निघते. म्हणून व्याख्या वस्तूंवर नको, सत्ता कुणाकडे आहे आणि नकाराची किंमत काय आहे, यावर हवी.

आता लेकीने करायच्या गोष्टी. बऱ्याच चॅप्टरमध्ये दोन कॅलेंडर असतात, एक कार्यालयाला दिलेलं आणि एक खरं. तिने पहिल्याच बैठकीत सांगावं की यंदा कॅलेंडर एकच असेल. त्यात प्रत्येक कार्यक्रमाची जागा, सुरुवात आणि शेवट लिहावा आणि ते नव्या मुलींना पहिल्या दिवशी हातात द्यावं. इनिशिएशनच्या विधीतले शब्द गुप्त राहिले तर बिघडत नाही. तो कुठे, किती वेळ चालणार आणि त्यात अंगाला काही होणार नाही, हे गुप्त नको. सगळ्यात मोठा अडथळा सहसा चॅप्टरमधल्या मुलींचा नसतो. शेवटच्या आठवड्यात गाड्या काढून येणाऱ्या माजी सभासद "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणत सूत्रं हातात घेतात. त्यांना कोणत्या कार्यक्रमाला बोलवायचं आणि कोणत्याला नाही, हे अध्यक्षांच्या सहीने आधीच लेखी ठरवावं.

आणि राष्ट्रीय कार्यालयाला तिने लिहावंच. मागणी नेमकी ठेवावी: यादीतल्या प्रत्येक बाबीपुढे कारण द्या, लेखी परवानगीची सोय ठेवा, आणि उल्लंघनाच्या पायऱ्या जाहीर करा. किरकोळ बाबीला कार्यक्रम दुरुस्त करून घेणं, त्यावरच्याला पद काढणं, इजेच्या धोक्याला निलंबन आणि पोलीस. सिग्मा अल्फा एप्सिलॉन या मोठ्या फ्रॅटर्निटीने २०१४ साली प्लेजचा, म्हणजे नव्यांच्या उमेदवारीचा, काळच रद्द केला आणि निमंत्रण स्वीकारल्यापासून ९६ तासांत सभासद करून घ्यायचं ठरवलं. सात आठवडे ही काही दगडावरची रेघ नाही.

पद सोडायचं का? मी म्हणेन, आत्ता नाही. त्या खुर्चीवर यादी वाचून वैतागणारी मुलगी असणं हे यादी न वाचणारीपेक्षा केव्हाही बरं. पण तिला एक गोष्ट स्पष्ट सांगा: टेक्सासमध्ये हेझिंगचा बेत शिजतोय किंवा ते झालंय हे स्वतःला ठाऊक असून न कळवणं हाही गुन्हा आहे, त्याला १८० दिवसांपर्यंत कैद आणि दोन हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. उलट, कुणी चौकशीला येण्याआधी जी स्वतःहून विद्यापीठाला कळवते आणि नंतर सहकार्य करते, तिला कायदा संरक्षण देतो. तेव्हा दुसरं कॅलेंडर तिच्या पाठीमागे चालू झालं, तर आधी डीन ऑफ स्टुडंट्सकडे लेखी कळवायचं आणि मग राजीनामा. नुसता राजीनामा देऊन गप्प बसली तर तिची सुटका होत नाही. ज्या घरातली मुलं एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर आहेत त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: निलंबन झालं की पूर्णवेळ शिक्षण थांबतं आणि त्यासोबत व्हिसाचा दर्जाही धोक्यात येतो.

तुम्ही स्वतः विद्यापीठाला आज फोन करावा असं मला वाटत नाही. अजून काही घडलेलं नाही, आणि वीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरून केलेला फोन तिला तुमच्यापासून तोडेल. शनिवारी तिला कॅलेंडर घेऊन बसवा आणि वरचे चार प्रश्न प्रत्येक ओळीला विचारू द्या. उत्तरं तिची तिला देऊ द्या. बाबांनीही बसावं, पण होस्टेलच्या गमती त्या दिवशी बाजूला ठेवाव्यात. सात आठवड्यांत तिचा आवाज बदलला, फोन यायचे थांबले, किंवा एखाद्या नव्या मुलीबद्दल तिने अर्धवट काही सांगितलं, तर मात्र थांबू नका. नाव न सांगता बोलायचं असेल तर १-८८८-६६८-४२९३ ही देशभराची हेझिंगविरोधी हेल्पलाइन आहे.

शेवटचं, आणि हे तिने सगळ्या चॅप्टरला पाठ करून घ्यावं. प्यायलेली मुलगी हलवून उठत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास घेत असेल, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडत असेल, अंग गार किंवा ओठ निळसर झाले असतील, किंवा शुद्ध नसताना उलटी होत असेल, तर लगेच ९११. तिला कुशीवर वळवून ठेवायचं, एकटं सोडायचं नाही. कॉफी नाही, गार पाण्याची अंघोळ नाही आणि "झोपली की उतरेल" तर अजिबात नाही, कारण पोटातली दारू झोपेतही रक्तात उतरतच राहते. पेनसिल्व्हेनियात २०१७ साली फ्रॅटर्निटीत नवा आलेला टिमोथी पियाझा जिन्यावरून पडल्यावर तिथल्या मुलांनी मदत बोलवायला जवळजवळ बारा तास लावले, आपण अडकू या भीतीने. टेक्सासमध्ये एकवीसच्या आतल्या मुलीने मैत्रिणीसाठी सगळ्यात आधी ९११ लावला, तिथेच थांबली आणि आलेल्यांना सहकार्य केलं, तर तिच्यावर स्वतःच्या मद्यपानाबद्दल गुन्हा लागत नाही. हे वाक्य छापून सोरॉरिटीच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला लावायला सांगा.